वारी सुमन: ग्लासगोत जन्मलेल्या लेकीसाठी स्कॉटिश नाव निवडताना

आमच्या मुलीचा जन्म 18 मार्च 2024 रोजी ग्लासगोमध्ये झाला. मी मूळची कोल्हापूरची, नवरा स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस बेटावरचा. स्कॉटलंडमध्ये राहणारी मराठी जोडपी आणि माझ्यासारख्या इथे सून म्हणून आलेल्या मैत्रिणी बाळाच्या नावाविषयी आणि त्यामागच्या कागदपत्रांविषयी मला वारंवार विचारतात. म्हणून हा सगळा प्रवास घडला त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, वीस आठवड्यांच्या स्कॅनच्या वेळी, आम्ही विचारल्यावर मुलगी असल्याचे सांगण्यात आले. भारतात 1994 च्या कायद्याने हे सांगण्यास बंदी आहे आणि ती का आहे हे ठाऊक असल्यामुळे तो शब्द उघडपणे ऐकताना मला क्षणभर बावरल्यासारखे झाले. त्याच संध्याकाळी नावाचा विषय निघाला. नवऱ्याची मराठी नावालाही हरकत नव्हती. स्कॉटिश नावाचा आग्रह माझा होता. सासूबाई घरात गॅलिक बोलतात. 2022 च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडमध्ये या भाषेचे काही ना काही ज्ञान असलेले लोक सुमारे 1 लाख 30 हजार आहेत, म्हणजे शंभरातले अडीच. माझी मराठी तिला माझ्याकडून रोज मिळणारच होती. आजीची भाषा निदान तिच्या नावात तरी असावी, असे मला मनापासून वाटत होते.

सुरुवात आम्ही याद्यांपासून केली. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ही सरकारी संस्था दरवर्षी नवजात बालकांच्या नावांची यादी प्रसिद्ध करते आणि 1974 पासूनची आकडेवारी तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. एखादे नाव कोणत्या काळात भरपूर ठेवले जात होते आणि आज ते किती मुलींना मिळते, हे त्यावरून नेमके कळते. नावांची पुस्तके विकत घेण्यापूर्वी ही आकडेवारी जरूर पाहावी.

यादीच्या अगदी वरच्या टोकाला गेली कित्येक वर्षे असलेले एक नाव आम्हाला पहिल्याच दिवशी सोडावे लागले. आय, एस, एल, ए अशी त्याची अक्षरे. एस मुका, उच्चार ‘आयला’. स्कॉटलंडमध्ये ते अतिशय गोड मानले जाते. कोल्हापूरच्या घरात मात्र हा उद्गार लहान मुलाने काढला तर आजी त्याला दटावते. तोच शब्द तिने नातीला हाक म्हणून कसा वापरावा? नवऱ्याला हे समजावून सांगितल्यावर त्याने ते नाव खोडले आणि पुढच्या प्रत्येक नावापुढे ‘मराठीत कसे ऐकू येते’ असा एक रकाना आखला. त्या रकान्याने बरीच नावे गळली. ऊना म्हटले की ‘उणा’ ऐकू येई आणि रोना हिंदीत सरळ रडणेच. एली हे नाव मला फार आवडले होते, परंतु त्याची अक्षरे ई, आय, एल, आय, डी, एच अशी आहेत. पुण्यातल्या माझ्या भावाने ती ‘एलिध’ अशी वाचली आणि आयुष्यभर तिला तिच्याच माणसांना उच्चार शिकवावा लागेल हे दिसले. फिओना भारतातही ओळखीचे आहे. पण ते अठराव्या शतकात जेम्स मॅकफर्सन या कवीने घडवलेले नाव असल्याने नवऱ्याच्या घरच्या जुन्या पिढ्यांत ते कोणाचेच नव्हते. बेटांवरून आलेल्या नावांपैकी आयोना शेवटपर्यंत टिकले. संत कोलंबा यांनी इसवी सन 563 मध्ये ज्या बेटावर मठ स्थापन केला त्याचे ते नाव. मराठी तोंडात ते सहज बसते आणि कोणत्याही वाईट शब्दाची आठवण करून देत नाही.

नववर्षासाठी आम्ही लुईसला गेलो. ग्लासगोहून उत्तरेला अलापूलपर्यंत गाडीने आणि तिथून बोटीने स्टॉर्नोवे. समुद्र शांत असला तर बोटीचा प्रवास अडीच-पावणेतीन तासांचा आहे. तिथे सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची यादी ठेवली. त्यांनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला: “यांतली कोणाकोणाची आहेत?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. आपल्याकडे नाव सुचवले की पहिला प्रश्न येतो तो अर्थ काय, हा. त्या घरात अर्थ कोणी विचारत नाही. नाव कोणाचे पुढे चालवायचे आहे, हे विचारतात. त्यांनी आतून घरचे बायबल आणले. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर चार पिढ्यांचे जन्म वेगवेगळ्या हस्ताक्षरांत नोंदलेले होते. जुनी शाई तपकिरी पडलेली, आणि तीच तीच नावे एक पिढी सोडून पुन्हा येत होती. स्कॉटलंडमधली जुनी पद्धत त्यांनी बोट फिरवत समजावली. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. मुलींमध्ये पहिलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे, तिसरीला आईचे. प्रत्येक घराने ती काटेकोर पाळली असे नाही, पण जुन्या नोंदी चाळणाऱ्यांना ती पावलोपावली भेटते.

त्या पानांवर आणखी एक गोष्ट होती, जी मी नावांच्या कोणत्याही यादीत ठळकपणे पाहिली नव्हती. हायलँड्समध्ये आणि बेटांवर पुरुषांच्या नावाला शेपूट जोडून मुलींची नावे केली जात: मर्डोवरून मर्डिना, डोनाल्डवरून डोनाल्डिना किंवा डोलिना, ह्यूवरून ह्यूइना. वडिलांचे किंवा आजोबांचे नाव मुलीकडून चालू ठेवण्याची ही रीत. माझ्या दिवंगत सासऱ्यांचे नाव मर्डो, त्यामुळे नात्यातल्या काही जणांना मर्डिना व्हावी असे मनातून वाटत होते. नकार सासूबाईंनीच दिला. त्यांच्या पिढीतल्या मुलींनी वडिलांची नावे पुष्कळ वागवली, आता मुलीला मुलीचेच नाव असावे, असे त्या स्पष्टपणे म्हणाल्या. नवऱ्याच्या घरच्या माणसांना दुखवण्याची मला वाटत असलेली भीती त्या एका वाक्याने गेली. असे काही सांगायचे असेल तर ते त्या घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीकडून आलेले बरे, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

त्यांच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या मुलीच्या नावाचा मान माझ्या आईचा होता. रात्री आईला फोन केला. आधी ती गहिवरली आणि मग ठाम नाही म्हणाली. “अगं, मी जिवंत असताना माझं नाव ठेवून तू तिला रागावणार? आणि तुझे बाबा तिला हाक कशी मारतील?” आमच्याकडे वारलेल्या आजी-आजोबांचे नाव नातवंडाला देतात, हयात माणसाचे सहसा नाही. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. त्यांच्याकडे हयात आजीचे नाव देणे हाच सन्मान. शेवटी तोडगा सासूबाईंनीच सुचवला: हाक मारायचे नाव वेगळे, मधले नाव आईचे, सुमन. मधल्या नावाने कोणी रागावत नाही, यावर आईने मान्यता दिली.

मधल्या नावाबद्दल मराठी घरांत हमखास प्रश्न येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे ती जागा वडिलांच्या नावाची असते. स्कॉटलंडमध्ये तसा नियम नाही आणि तशी मनाईही नाही. नावांची कोणतीही मान्यताप्राप्त यादी नसते, त्यामुळे मुलीच्या मधल्या नावात वडिलांचे नाव घालता येते, आणि आईचे माहेरचे आडनाव तिथे घालण्याची चाल तर इथलीच आहे. लुईसमध्ये एका गावात मॅक्लाउड आणि मॉरिसन इतके असतात, की बोलताना ‘कॅलमची, मर्डोची मारी’ अशीच ओळख सांगितली जाते. वडिलांचे आणि आजोबांचे नाव लोकांच्या तोंडी आपोआप येणार होते. कागदावरची जागा आम्ही आईला दिली.

हाक मारायच्या नावासाठी आता दोनच पर्याय उरले होते: आयोना, आणि बायबलच्या पानावर सर्वांत जास्त वेळा आलेले मारी. हे सासूबाईंच्या आईचे नाव. गॅलिकमध्ये कोणाला हाक मारताना नावाचे पहिले अक्षर मऊ होते आणि ‘मारी’ला हाक मारली की ‘अ वारी’ असे ऐकू येते. या हाकेच्या रूपावरूनच वेगळे नाव रूढ झाले आहे. त्याची अक्षरे एम, एच, ए, आय, आर, आय. माझे आजोबा आषाढी एकादशीसाठी आळंदीहून पालखीबरोबर पायी जात असत. सासूबाईंनी आपल्या आईला तिच्या मैत्रिणी दारातून कशा हाका मारीत ते करून दाखवले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याला पंढरपूरची वारी म्हणजे काय हे सांगायला ती रात्र पुरली नाही.

तरीही आम्ही लगेच निर्णय केला नाही, कारण या नावात एक खरी अडचण आहे. एच असलेले रूप स्कॉटलंडमध्येही सगळे एकसारखे वाचत नाहीत. 2015 मध्ये विसाव्या वर्षी ब्रिटिश संसदेत निवडून आलेल्या मारी ब्लॅक यांच्या नावाची अक्षरे हीच आहेत आणि त्यांचा उच्चार मात्र ‘मारी’ असा होतो. सासूबाईंच्या मते शुद्ध गॅलिकमध्ये नाव एचशिवाय लिहावे, हाकेत ते आपोआप बदलते. नवऱ्याचे म्हणणे असे, की ग्लासगोतल्या शाळेत गॅलिकचे व्याकरण कोणी पाळणार नाही. एच नसेल तर ती ‘वारी’ कधीच होणार नाही. मी दोन्ही कुटुंबांतल्या माणसांना नुसती अक्षरे लिहून पाठवली आणि मोठ्याने वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितले. भारतातून ‘म्हैरी’ आले, ‘मैरी’ आले. एकदा उच्चार सांगितल्यावर मात्र एकही मराठी माणूस तो विसरला नाही. आयोनाच्या बाबतीत तसे झाले नव्हते, ते पहिल्यांदा नीट वाचले जाई आणि दुसऱ्या दिवशी आठवत नसे. ही चाचणी प्रत्येकाने घ्यावी. कागदावर सुंदर दिसणारी नावे आजोबांच्या तोंडी कशी येतात, ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

प्रसूतीबद्दल इथे लिहीत नाही. जन्मल्यावर बाळाच्या घोट्याला बांधलेल्या पट्टीवर ‘बेबी’ आणि पुढे माझे आडनाव होते, कारण रुग्णालयात बाळ आईच्या नावाखाली नोंदले जाते. मी लग्नानंतर आडनाव बदललेले नाही, त्यामुळे सुरुवातीच्या कागदांवर एक आडनाव आणि नंतरच्या कागदांवर दुसरे असे झाले. हे सर्रास होते, घाबरून जाऊ नये.

जन्मवेळ कळवल्यावर काकांनी कोल्हापुरात पत्रिका मांडली. आर्द्रा नक्षत्र आले. त्याची अक्षरे कू, घ, ङ, छ. या अक्षरांवरून स्कॉटिशच काय, मराठी नाव शोधणेही कठीण. नावरस नाव फक्त पत्रिकेत ठेवायचे असे काकांनीच ठरवले आणि माझ्यावरचे एक ओझे उतरले. परदेशातली वेळ कळवताना एक काळजी घ्यावी: ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, तेव्हा जन्मवेळ कोणत्या काळातली आहे ते ज्योतिषांना स्पष्ट लिहून द्यावे.

बारावा दिवस 29 मार्चला, गुड फ्रायडेच्या सुट्टीत आला, म्हणून नणंदेला लुईसहून येता आले. बारशात नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा, हे तिला मी आधीच कळवले होते. तिने तो इतक्या गांभीर्याने घेतला, की अंतिम निर्णयही आम्ही तिच्यावर सोपवला. दोन नावे तिला दिली होती आणि ती कोणते सांगणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. पाळणा भाड्याने मिळाला नाही, तेव्हा दिवाणखान्यात मोझेस बास्केटलाच, म्हणजे बाळाला निजवायच्या टोपलीलाच, झेंडूच्या कापडी माळा बांधल्या. ग्लासगोतल्या मराठी मैत्रिणींनी घुगऱ्या करून आणल्या, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाले, आई मोबाइलच्या पडद्यावर होती. नणंद टोपलीवर वाकली आणि तिने कानात नाव सांगितले, अगदी तिच्या आजीला बायका मारीत तशी हाक. ती सरळ होते न होते तोच मैत्रिणींनी तिच्या पाठीत प्रथेप्रमाणे धपाटे घातले. त्यांची तिला आधीच कल्पना दिली होती, ते बरे केले. सासूबाईंनी त्यांच्या रीतीप्रमाणे बाळाच्या मुठीत चांदीचे नाणे ठेवले. पडद्यावरून आई मोठ्याने म्हणाली, “वारी! नीट ऐकू आलं गं मला.”

आता कार्यालयीन भाग. स्कॉटलंडमध्ये जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी लागते. इंग्लंडमधली 42 दिवसांची मुदत इथे लागू नाही, त्यामुळे लंडनच्या मैत्रिणींच्या सल्ल्यावर विसंबू नये. नोंदणी मोफत आहे आणि स्कॉटलंडमधल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात करता येते. आईवडील विवाहित असतील तर दोघांपैकी एकाने गेले तरी चालते. विवाहित नसतील आणि वडिलांचे नाव लावायचे असेल तर सर्वसाधारणपणे दोघांनीही जावे लागते. आम्हाला 3 एप्रिलची, बुधवारची वेळ मिळाली. ईस्टरच्या दिवसांत वेळा लवकर भरतात, म्हणून बाळ घरी आल्याबरोबर फोन करणे चांगले. रुग्णालयाने दिलेले कार्ड, दोघांची ओळखपत्रे आणि विवाह प्रमाणपत्र आम्ही नेले.

विवाह प्रमाणपत्र मूळ प्रतीतच न्यावे, कारण स्कॉटलंडच्या जन्मनोंदीत आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाणही लिहिले जाते. आमचे लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेले असल्याने कागद इंग्रजीत होता आणि काही अडले नाही. निबंधक बाईंनी ‘कोल्हापूर’ची अक्षरे दोनदा विचारून लिहिली. मला आनंद देणारी दुसरी गोष्ट म्हणजे जन्माची वेळही या नोंदीत असते. इंग्लंडमध्ये ती सहसा फक्त जुळ्यांच्या वेळी लिहितात. पत्रिकेसाठी पुढे कोणी पुरावा मागितला तर सरकारी कागदच आहे.

सही करण्यापूर्वी निबंधक संपूर्ण मसुदा पडद्यावर दाखवतात. इथे घाई करू नये. एक-एक अक्षर बोट ठेवून वाचावे, कारण सहीनंतरची प्रत्येक दुरुस्ती म्हणजे वेगळा अर्ज आणि वेगळी नोंद. एमनंतरचा एच मी आणि नवऱ्याने स्वतंत्रपणे तपासला. नोंद झाल्यावर संक्षिप्त दाखला विनामूल्य मिळतो, पण त्यावर आईवडिलांची नावे नसतात आणि पासपोर्टसाठी तो चालत नाही. पूर्ण उतारा त्याच वेळी घेतला तर 10 पौंड पडले. महिना उलटल्यावर तोच तेव्हा 15 पौंडांना मिळत होता. आम्ही दोन प्रती घेतल्या आणि त्या दोन्ही उपयोगी पडल्या, कारण एक पासपोर्टच्या कामात अडकलेली असताना दुसरी हातात होती.

नवरा ब्रिटिश नागरिक असल्यामुळे मुलगी जन्मतः ब्रिटिश. पासपोर्टचा ऑनलाइन अर्ज एप्रिलच्या मध्यात केला. 11 एप्रिल 2024 पासून मुलांच्या पासपोर्टचे शुल्क 53.50 वरून 57.50 पौंड झाले होते. एक वर्षाखालील बाळाचे डोळे फोटोत उघडे नसले तरी चालतात; मात्र चौकटीत दुसऱ्या कोणाचा हात दिसता कामा नये. पांढऱ्या चादरीवर निजवून, खिडकीच्या उजेडात वरून फोटो काढावा. पासपोर्ट सुमारे तीन आठवड्यांत आला.

त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड. अर्ज भारत सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा आणि कागद एडिंबरामधील भारतीय वकिलातीकडे बाह्य केंद्रामार्फत जातात. नाव पासपोर्टवर आहे तसेच, मधल्या नावासकट आणि त्याच क्रमाने लिहावे. सुमन हे आडनाव नव्हे, तर नावाच्या रकान्यात वारीच्या पुढे येते. आईवडील दोघांच्याही सह्या लागतात, बाळाचा अंगठ्याचा ठसा लागतो आणि फोटो ब्रिटिश मापाचा नव्हे, तर 51 बाय 51 मिलिमीटरचा चौकोनी लागतो. हा ठसा उमटवणे सर्वांत अवघड गेले: झोपेत असताना, आंघोळीनंतर मूठ सैल झाली की घ्यावा.

आरोग्य सेविका पहिल्या भेटीत तिला ‘मारी’ म्हणाल्या, आम्ही उच्चार सांगितला, त्यांनी बाळाच्या आरोग्याच्या नोंदींच्या लाल पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पेन्सिलीने तो लिहून घेतला आणि पुढच्या प्रत्येक भेटीत नीट उच्चारला. सासूबाईंनी बायबलच्या पानावर नोंद केली ती एच गाळून. त्यांच्या पानावर त्यांचे व्याकरण चालावे, असे मलाही वाटते. माझे आणि तिचे आडनाव वेगळे असल्याने प्रवासात जन्मदाखल्याचा पूर्ण उतारा सोबत ठेवावा लागतो. दिवाळीत कोल्हापूरला जाताना तो हातातल्या पिशवीत ठेवला होता, सामानात नव्हे, आणि परतीच्या वेळी ग्लासगोच्या विमानतळावर तो खरोखरच मागितला गेला.